गळा दाटला की हिरवा दिवा

कंपनीने त्या यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं. मिरजेत त्याला सगळे नुसतं 'कान' म्हणत. कान काय म्हणाला, कानाने पास केलं का, असं लोक गुळाचा भाव विचारावा तसं विचारत. सोयरीक बघायला आलेली माणसंही पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता चौकशी करत, की मुलाला कानाचा दिवा कुठला लागलाय.

दिसायला ते कुंकवाच्या करंड्याएवढं. टेबलावर करंडा ठेवायचा, समोर माणूस बसवायचा आणि माणसाने चार गोष्टी बोलायच्या. घर का हवं, हप्ता कसा भरणार, नाही जमलं तर काय. पगाराची स्लिप नको, जामीन नको, साहेबाची ओळख नको. बोलून झालं की दिवा लागायचा. हिरवा लागला की घराचं कर्ज तिथल्या तिथे मंजूर. तांबडा लागला की चहा पिऊन घरी.

ज्यांना बँकांनी कधी खुर्ची दिली नव्हती, त्यांना कानाने घरं दिली. भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या, रिक्षावाले, हॉस्पिटलातल्या आया. शहरांच्या कडेकडेने टाऊनशिपा उठल्या. कंपनी एकेका हिरव्या दिव्याचं कर्ज महिनाभरात दुसऱ्या कुणाला विकून टाकायची, तो तिसऱ्याला विकायचा, आणि शेवटी ते कुणाच्या तरी पेन्शनीत जाऊन बसायचं. त्यामुळे हप्ता पुढे कोण भरणार याची काळजी करायला कुणी रिकामंच नव्हतं.

मग हप्ते थकायला लागले. आधी थोडे, मग सगळेच. आणि गंमत अशी, की ज्यांचा दिवा सगळ्यात गडद हिरवा लागला होता, ते सगळ्यात आधी बुडाले. टाऊनशिपांच्या जिन्यांत सीलबंद दारांच्या रांगा लागल्या. पेन्शनी आटल्या. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार जण चार चौकटींत बसून भांडायचे, की चूक देणाऱ्याची का घेणाऱ्याची का सरकारची का यंत्राची. यंत्राला चौकट दिलेली नव्हती. नाहीतर तेही बोललं असतं.

शेवटी चौकशी आयोग बसला. आणि आयोगाचं समन्स आलं ते राजश्री चौगुले यांना. म्हणजे राजक्काला.

*

"वाच की मोठ्यानं," नसीम म्हणाली.

राजक्काने चष्मा पुसला आणि वाचलं. जाईजुई महिला बचत गटाच्या अध्यक्षा या नात्याने हजर राहावे, वगैरे.

नसीम सतारमेकर ही राजक्काची गटातली पहिली मैत्रीण. दोघींच्या लग्नाआधीपासूनची ओळख. नसीमच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनत. तिचा नवरा दस्तगीरभाई अजून तंबोऱ्याची घोडी घासून जवारी लावायचा, पण आता टाऊनशिपच्या बाल्कनीत बसून. भोपळे वाळवायला ऊन पुरत नाही म्हणून कुरकुरायचा. फ्लॅटच्या सुरुवातीच्या रकमेसाठी गल्लीतलं घर आणि खालचं दुकान विकलं होतं. नसीमचा दिवा असा हिरवा लागला होता, की कंपनीच्या पोराने उठून तिच्याशी हात मिळवला होता. आता त्याच फ्लॅटच्या दारावर नोटीस चिकटली होती.

"ह्याचा काय उपयोग आम्हाला?" नसीमने विचारलं.

"वकीलबाई सांगत होत्या. यंत्र चुकीचं शिकलंय हे कंपनीला आधीपासून माहीत होतं असं ठरलं, तर दोष कंपनीचा. मग कर्जं माफ, घरं ज्याची त्याला."

"आणि माहीत नव्हतं असं ठरलं तर?"

"मग कंपनी पण फसली असं धरणार. कर्ज तुमचं तुम्ही फेडा."

नसीमने समन्सची घडी घातली. मग तिने हळूच विचारलं, "कंपनीला म्हणजे कुणाला माहीत असायला पाहिजे?"

राजक्का उठली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा झालेला होता. दोघींचे कप अजून अर्धे होते.

*

कंपनीत ज्याला माहीत असायला पाहिजे, ती राजक्काची लेक होती.

हे नीट सांगायचं तर गटाची पद्धत आधी सांगायला हवी. गटाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका सेक्रेटरीबाईने वहीत फेरफार केले. तेव्हापासून बायकांचा लिहिण्यावरचा विश्वास उडाला. राजक्काने तोडगा काढला. मिटिंगमध्ये मधोमध फोन ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं, आणि प्रत्येकीने आपल्या तोंडाने नाव सांगून म्हणायचं, 'माझा हप्ता मी भरला.' आवाजात खाडाखोड होत नाही.

पण महिना सगळ्यांना सारखा जात नाही. ज्या बाईचं जमलेलं नसायचं, ती काही बोलायची नाही. ती दाराशी बसायची. बस, एवढंच. पैशाचा डबा आतल्या बाजूने फिरत फिरत दाराशी शेवटी पोचायचा, आणि वाटेत प्रत्येकीची मूठ थोडी जास्त उघडायची. दाराशी डबा येईपर्यंत त्यात हिचाही हप्ता जमलेला असायचा. मग हिची पाळी आली की हीसुद्धा सगळ्यांसारखंच म्हणायची, 'माझा हप्ता मी भरला.' म्हणताना गळा दाटून यायचा, एखादीला पदर लावावा लागायचा. सगळ्या दुसरीकडे बघायच्या. कुणी कधी त्याविषयी बोललं नाही. राजक्का बचत गट उभे करणाऱ्या संस्थेच्या कामाने तालुक्या-तालुक्यांत फिरली आणि शेकडो गटांना तिने फोनची पद्धत शिकवली. दाराशी बसायची पद्धत शिकवावी लागली नाही. ती बायकांनी बघून उचलली.

डबा फिरवायचं काम लहानपणी केतकीचं होतं.

केतकी हुशार निघाली, पुण्याला जाऊन आवाजाच्या यंत्रांचं शिकली. सुट्टीत आली की दस्तगीरभाईंच्या दुकानात जाऊन बसायची. एकदा तिने आईला तिथेच समजावलं होतं. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर जवारीचा दोरा असतो ना, केसाएवढा. तो सरकवला की तार तीच, पण सूर बदलतो. माणसाच्या गळ्यात दोन नाजूक पडदे असतात. माणूस घाबरला, लाजला, भरून आला, की तिथले बारीक स्नायू आपसूक आवळतात. पडद्यांची थरथर बदलते, श्वास शब्दाच्या जरा आधी किंवा नंतर सुटतो. आपल्याला ते ऐकू येत नाही. यंत्राला येतं.

"म्हणजे यंत्राला मनातलं कळतं?" राजक्काने विचारलं होतं.

"छे गं. त्याला फक्त दोरा सरकला एवढं कळतं. का सरकला ते आपण शिकवायचं. हजारो आवाज ऐकवायचे आणि प्रत्येक आवाजाशेजारी खूण करायची. ह्याने कर्ज फेडलं, ह्याने बुडवलं. मग ते आपलं आपण ठरवतं, की फेडणाऱ्याचा आवाज कसा असतो."

पुढे कंपनीत कानाला शिकवायचं काम केतकीकडे आलं, तेव्हा असे आवाज आणायचे कुठून ते तिला ठाऊक होतं. आईच्या शब्दाखातर शेकडो गटांनी आपली वर्षानुवर्षांची रेकॉर्डिंगं दिली. प्रत्येक आवाजापुढे एकच खूण: फेडलं. बुडवलेलं एकही नाही. बुडवणाऱ्यांचे आवाज कंपनीने वसुलीच्या फोनांवरून आणले, ते सगळे कोरडे, कावलेले, तिरसट. यंत्राने दोन्ही ऐकले आणि निष्कर्ष काढला. कोरड्या आवाजाचा माणूस बुडवतो. गळा दाटलेला माणूस हमखास फेडतो.

म्हणजे ज्या घटकेला बाईजवळ दमडी नसायची, नेमकी तीच घटका यंत्राने भरवशाची म्हणून पाठ केली. पुढे हे कंपनीच्या दलालांच्याही ध्यानात आलं. ते गिऱ्हाइकाला आत सोडण्याआधी सांगायचे, आईची आठवण काढा.

*

सुनावणीच्या आदल्या रविवारी केतकी आली. राजक्काने थालीपीठ लावलं. तिने एक खाल्लं, दुसऱ्याचे तुकडे करत बसली.

"तुला माहीत होतं का गं?" राजक्काने सरळ विचारलं.

"डबा मीच फिरवायचे, आई."

"ते मला माहीत आहे. खुणा करताना तुझ्या ध्यानात होतं का?"

"नव्हतं." केतकीने तुकडा ठेवला. "खरंच नव्हतं. मला लहानपणापासून कधी वाटलंच नाही की कुणी हप्ता चुकवला. डबा दाराशी पोचायचा तेव्हा भरलेला असायचा. मी खूण केली, फेडलं. फेडलेलंच होतं की."

"मग कधी कळलं?"

"नसीममावशीचा दिवा लागला तेव्हा. एवढा हिरवा मी कधी बघितला नव्हता. रेकॉर्डिंग परत लावून ऐकलं आणि..." ती थांबली. "ती दाराशी बसल्यासारखी बोलत होती."

राजक्काने तव्याखालचा गॅस बंद केला.

"मी साहेबांना जाऊन सांगितलं, हे सगळं उलटं झालंय. ते म्हणाले, गटांची परतफेड शंभर टक्के आहे की नाही? म्हटलं, आहे. म्हणाले, मग तुला त्रास काय आहे?"

"लेखी दिलंस?"

"नाही."

"का?"

केतकीने आईकडे बघितलं. "माझाही फ्लॅट होता, आई. माझाही हप्ता होता."

बाहेर कुणीतरी कल्हईवाल्यासारखी आरोळी देत गेलं. आजकाल ते जुने मोबाइल गोळा करणारे असतात.

"तूच का सांगत नाहीस आयोगाला?"

"मला धीर नाही. मी सांगितलं तर साहेब कानावर हात ठेवणार. यंत्राच्या कागदांवर सही माझी, मी आत जाणार. चार-पाच वर्षं." मग ती एकदम चिडून म्हणाली, "आणि मी खोटं बोल असं तुला सांगायला आलेले नाही. तुला जे सांगायचं ते सांग. तू सांगणारच. तू जगाची आई आहेस. मला माहीत आहे ना, डब्यात माझ्या वाढदिवसाचे पैसे कितीदा गेलेत ते."

जाताना ती पाया पडली नाही. पण गाडीत बसून दोनदा मागे वळून बघितलं. राजक्का ओट्यावर उभी होती, हातात थालीपिठाचा डबा तसाच. द्यायचा राहून गेला.

*

आयोग मंगल कार्यालयात बसायचा, कारण तेवढी माणसं मावतील असं दुसरं ठिकाण गावात मिळालं नाही. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाचा मखमली पडदा तसाच होता. 'शुभविवाह' या अक्षरांखाली आयोगाचे अध्यक्ष बसलेले. खाली लाल खुर्च्यांवर ज्यांची घरं गेली ती माणसं. तिसऱ्या रांगेत नसीम आणि दस्तगीरभाई. मागे खांबाशी केतकी.

आणि साक्षीदाराच्या टेबलावर तोच करंडा.

"हे इथे कशाला?" राजक्काने विचारलं.

"साक्ष खरी की खोटी ते बघायला," कारकून म्हणाला. "सगळ्या आयोगांना लागू आहे. सरकारी खरेदी आहे, तीन वर्षांचा करार."

"पण त्याचीच तर चौकशी चाललीय."

अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, ते अजून दोषी ठरलेलं नाही. आणि कर्जाचं खातं वेगळं, साक्षीचं वेगळं." खालून कुणीतरी खो-खो हसलं. अध्यक्षांनी तिकडे बघितलं, मग हसणं थांबलं.

कंपनीचे वकील दातार उठले. आवाज मऊ, वरणभातासारखा.

"चौगुलेबाई, गटात एखादीचा हप्ता बाकीच्या भरायच्या?"

"हो."

"आणि ती मात्र म्हणायची, मी भरला?"

"हो. तशी पद्धत होती."

"पद्धत. बरं. ही पद्धत आपल्या कन्येला, म्हणजे आमच्या अशिलाच्या कर्मचारी केतकी चौगुले यांना, यंत्राची कर्जं चालू असताना ठाऊक होती का?"



राजक्काने खांबाकडे बघितलं नाही. तिसऱ्या रांगेकडेही बघितलं नाही. ती रविवारपासून हे एक वाक्य मनात घोळवत होती. भाजी चिरताना, देवापुढे, नळाला रांगेत. घोळवून घोळवून त्या वाक्यातला सगळा रस निघून गेला होता. ती म्हणाली,

"तिला माहीत होतं. तिने साहेबांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

आवाज तिलाच परका वाटला. सुकलेल्या भाकरीसारखा.

करंड्यावर तांबडा दिवा लागला.

खाली कुजबुज झाली. अध्यक्षांनी चष्म्यावरून करंड्याकडे आणि मग राजक्काकडे बघितलं. राजक्काला आधी कळेचना. तिला वाटलं, दिवा बिघडलाय.

"महोदय," दातार म्हणाले, "बाईंवर ताण आहे हे आम्ही समजू शकतो. यंत्राला बाईंचा आवाज चांगला ओळखीचा आहे, ते त्यांच्याच रेकॉर्डिंगांवर शिकलेलं आहे. तुलनेसाठी त्यांनी फक्त उलट वाक्य म्हणून दाखवावं. नियमात तरतूद आहे."

गटाच्या वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या. अध्यक्षांनी नियम बघितला. तरतूद होती.

"म्हणा बाई," दातार म्हणाले. "'केतकीला काहीच माहीत नव्हतं.' एवढंच. म्हणून दाखवायचंय, खरं-खोटं तुम्ही ठरवू नका."

राजक्काला वाटलं, तुलनेसाठीच आहे, म्हणायला काय जातं. तिने तोंड उघडलं. "केतकीला," ती म्हणाली, आणि ते नाव तोंडात आल्याबरोबर तिला ती चार वर्षांची पोर दिसली, दोन्ही हातांनी डबा धरून सांभाळत चालणारी, आतून दाराकडे. "केतकीला काहीच," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द गळ्यातच अडकला. तिने पदर तोंडाला लावला. "माहीत नव्हतं."

हिरवा. गडद हिरवा. मागच्या रांगेतूनही दिसला असेल.

"धन्यवाद," दातार म्हणाले आणि खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

*

बाहेर चपलांच्या ढिगापाशी राजक्का आपली जोडी शोधत होती. नसीम तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"पहिलं बोललीस ते खरं होतं. मला कळलं," नसीम म्हणाली. "सगळ्या बायकांना कळलं."

"नसीम, मी मुद्दाम नाही गं... त्यांनी म्हणायला सांगितलं."

"म्हणायला सांगितलं होतं. गळा दाटून यायला कुणी सांगितलं नव्हतं."

हे ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने वाकून राजक्काची चप्पल ढिगातून काढून तिच्या पायापाशी ठेवली आणि दस्तगीरभाईंना हाक मारून रिक्षाकडे गेली.

केतकी खांबापाशी नव्हती. आईचं पहिलं वाक्य ऐकूनच ती निघून गेली होती, असं नंतर कळलं. दुसरं तिने ऐकलंच नाही.

आयोगाचा अहवाल आला. संकटाचं मूळ, 'माहिती पुरवणाऱ्या महिला गटांनी परतफेडीचे रंगवलेले खोटे चित्र'. कंपनीला जपून राहण्याचा सल्ला. कानात सुधारणा करण्याची शिफारस, त्यासाठी त्याच कंपनीला नवं कंत्राट. गटांची नोंदणी रद्द. टीव्हीवरच्या चारही चौकटींचं या वेळी एकमत झालं, की बायकांनी खोटं बोलायला नको होतं. केतकीला बढती मिळाली. तिने आईला नवाकोरा फोन पाठवला, चांगल्या माइकचा. सोबत चिठ्ठी नव्हती.

*

गटाची शेवटची मिटिंग राजक्काच्या ओट्यावर झाली. नोंदणी रद्द झाली तरी डब्यातला हिशेब मिटवायचा होता. नसीमच्या फ्लॅटला सील लागून आठवडा झाला होता. ती आणि दस्तगीरभाई नणंदेच्या मागच्या खोलीत राहत होते. दोन अर्धवट तंबोरे त्यांनी भिंतीला टेकवून ठेवले होते, माणसांना झोपायला जागा करून.

राजक्काने सवयीने फोन मधोमध ठेवला, आपला जुनाच. बायका आल्या, बसल्या.

नसीम सगळ्यात शेवटी आली आणि दाराशी बसली.

डबा फिरायला लागला. फिरवायला आता कुणी पोर नव्हतं, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात सरकत होता. प्रत्येकीची मूठ नेहमीपेक्षा जास्त उघडत होती. त्याने काही होणार नव्हतं. घराचं कर्ज काही त्या डब्यात मावणारं नव्हतं. तरी मुठी उघडत होत्या.

डबा दाराशी पोचला. नसीमने तो घेतला नाही. हाताच्या पंजाने हळूच परत आत सरकवला.

मग सगळ्यांची पाळी झाली आणि तिची आली. फोनवरचा तांबडा ठिपका लुकलुकत होता. सवयीने सगळ्या दुसरीकडे बघायला लागल्या. कुणी पंख्याकडे, कुणी आपल्या नखांकडे.

"नसीम दस्तगीर सतारमेकर," ती म्हणाली. "माझा हप्ता मी भरला नाही."

आवाज कोरडा ठणठणीत होता. गळ्यात काही अडकलं नाही.

बायकांनी माना वळवल्या आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघितलं. राजक्काने फोन बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू," नसीम म्हणाली. "आता तुझी पाळी."